दार भिंतीत नसते



मधुमेहाची कोणतीही माहितीपुस्तिका उघडली की पहिल्या दोन पानांत एक चित्र हमखास भेटते. पेशी म्हणजे घर, घराला दार, दाराला कुलूप आणि इन्सुलिन ही त्या कुलपाची किल्ली. किल्लीच नसली तर टाइप १, किल्ली असून कुलूप गंजले तर टाइप २. चित्र इतके सोपे की समजावूनही सांगावे लागत नाही. आज मला असे मांडायचे आहे की ते नेमके मोक्याच्या जागी चुकते. स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींत उपाशीपोटी ग्लुकोजची बहुतेक दारे भिंतीत नसतातच. ती पेशीच्या आत, सूक्ष्म पिशव्यांमध्ये ठेवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप पोचला की या पिशव्या भिंतीशी येतात, तिच्यात मिसळतात आणि भिंतीत दारे बसतात. जेवणाची साखर ओसरली की तीच दारे पुन्हा आत ओढली जातात. इन्सुलिन दार उघडत नाही, ते दार आणवते. आणि आणवते तेही दारांवरचा पहारा उठवून. या पहाऱ्याविषयी मला आज बोलायचे आहे, कारण मधुमेहातल्या बऱ्याच न उलगडणाऱ्या गोष्टी पहाऱ्याच्या बाजूने पाहिल्या की उलगडतात.

मुळात दारे अशी आत ठेवायची गरजच काय, हे आधी पाहू. पाच लिटर रक्तात, उपाशीपोटी डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅम या हिशेबाने, सगळे मिळून साडेचार ग्रॅम ग्लुकोज असते. चहाचा एक चमचा. दोन वाट्या भात खाल्ला तर याच्या पंधरापटीहून अधिक ग्लुकोज पुढच्या दोन-तीन तासांत रक्तात उतरते आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली साखर दुप्पटही होत नाही. म्हणजे जेवणानंतर कोणीतरी ती भराभर उचलून घेत असते. ते काम मोठ्या प्रमाणावर स्नायू करतात. पण हेच स्नायू रात्रभर त्याच वेगाने साखर उचलत राहिले, तर तो चमचाभर साठा पाहता पाहता संपेल आणि मेंदू उपाशी राहील. मेंदूच्या पेशींची दारे, ज्यांना शास्त्रज्ञ ग्लूट-१ आणि ग्लूट-३ म्हणतात, ती कायम भिंतीत असतात. यकृताची ग्लूट-२ ही दारेही तशीच. या पेशींना पुस्तिकेतले चित्र निदान निम्मे तरी लागू पडते. स्नायू आणि मेद यांचे दार वेगळे आहे, ग्लूट-४. ते ५०९ अमिनो आम्लांचे प्रथिन असून पेशीच्या पटलातून बारा वेळा आरपार जाते. त्याचे वेगळेपण आकारात फारसे नाही, त्याच्या मुक्कामाच्या जागेत आहे.

हे कळायला १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागल्यानंतर साठ वर्षे जावी लागली. मधला एक टप्पा शिकागोचा. १९४९ च्या सुमारास तिथे राखमिएल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला, ज्याची रचना आजही विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी आहे. तोवर समज असा होता की इन्सुलिन पेशीच्या आत ग्लुकोजचे ज्वलन वाढवते आणि म्हणून रक्तातली साखर उतरते. लेव्हिन यांनी ग्लुकोजऐवजी गॅलेक्टोज घेतले. ही साखर ग्लुकोजसारखीच दिसते, पण स्नायू ती वापरू शकत नाहीत. ती वापरणारे यकृत आणि ती बाहेर टाकणारी मूत्रपिंडे यांना प्रयोगातून वगळलेले होते. आता इन्सुलिन दिल्यावर रक्तातले गॅलेक्टोज उतरायला काही कारणच नव्हते, आणि तरी ते उतरले. जळत नाही, बाहेर पडत नाही, तर गेले कुठे? उत्तर एकच उरते: पेशींच्या आत. इन्सुलिन प्रवेशावर काम करते हे इथे सिद्ध झाले. किल्लीचे चित्र याच निष्कर्षातून लोकप्रिय झाले असावे. ते त्या वेळच्या पुराव्याला धरून होते, याबद्दल वाद नाही.

चित्र बदलले ते १९८० मध्ये, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे. सॅम्युएल कुशमन आणि लॉरेन्स वॉर्डझाला यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी संबंधित कामात, तर सुझुकी आणि तेत्सुरो कोनो यांनी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात उंदरांच्या मेदपेशी घेतल्या. या पेशी कामाला सोयीच्या. ऊती सांधून धरणारे कोलॅजन विकराने विरघळवले की एकेक पेशी सुटी होते आणि पोटातल्या तेलामुळे वर तरंगते. ताकावर लोणी यावे तशी. पेशी फोडून अपकेंद्री यंत्रात फिरवल्या की बाहेरचे पटल एका थरात आणि आतल्या सूक्ष्म पिशव्यांची पटले दुसऱ्या थरात बसतात. मग प्रश्न फक्त मोजणीचा उरतो: दारे कोणत्या थरात किती? कुशमन यांनी ही मोजणी सायटोकॅलॅसिन-बी या बुरशीजन्य पदार्थाने केली, जो ग्लुकोजच्या दारांना चिकटतो. कोनो यांनी प्रत्येक थराची ग्लुकोज वाहण्याची क्षमताच तपासली. दोघांचा निकाल एक. इन्सुलिन दिल्यावर बाहेरच्या थरात दारे वाढली आणि आतल्या थरात कमी झाली. नवी दारे तयार झाली असती तर आतला साठा कमी होण्याचे कारण नव्हते. जुनी बंद दारे उघडली असती तर थरांतली संख्या बदलली नसती. दारे हलली होती.

ज्यांना हिशेबापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले पटते त्यांच्यासाठी १९९१ चे काम आहे. यान विलेम स्लॉट, हान्स ग्यूझ, डेव्हिड जेम्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या तपकिरी मेदाचे अतिपातळ काप घेऊन ग्लूट-४ ला सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजले. चित्रात पेशीचे पटल एका बारीक राखाडी रेघेसारखे दिसते, आत लहान लहान वर्तुळे आणि नळ्या, आणि त्यांच्या कडेला सोन्याचे काळे ठिपके. इन्सुलिनविना असलेल्या पेशीत ती रेघ जवळपास मोकळी, शंभरात एखादाच ठिपका तिच्यावर. इन्सुलिन दिलेल्या पेशीत शंभरातले सुमारे चाळीस ठिपके रेघेवर. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो तो चाळीसमुळे नाही, एकमुळे. नव्याण्णव टक्के दारे आत राखणे हे पेशीने सतत केलेले काम आहे, कारण पटल आणि आतल्या पिशव्या यांची देवघेव अखंड चालू असते. काही न करता सोडले तर कोणतेही प्रथिन या वाहतुकीत पटलावर बरेच जमा होईल. ग्लूट-४ होत नाही, कारण कोणीतरी त्याला धरून ठेवते.

धरते कोण? पुटिका, म्हणजे या पटलवेष्टित पिशव्या, पेशीत कशा सुटतात, कशा पोचतात आणि कशा मिसळतात, याची यंत्रणा रँडी शेकमन यांनी यीस्टवर, जेम्स रॉथमन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींवर आणि थॉमस सुडॉफ यांनी चेतापेशींवर उलगडली. २०१३ चे नोबेल पारितोषिक त्यासाठी तिघांना मिळाले. पुटिकेवरचे एक प्रथिन आणि पटलावरची दोन प्रथिने एकमेकांभोवती वेणीसारखी पिळली जातात आणि त्या पिळाने दोन पटले एक होतात. ग्लूट-४ च्या पुटिकाही हीच वेणी वापरतात. तिथवर नेणारी यंत्रे वेगळी असतात. तंतूंवरून ओझी ओढणाऱ्या अशा प्रथिनांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने काम केले आहे. यकृतातल्या मेदाच्या थेंबांची वाहतूक इन्सुलिनच्या हुकमात असते हे त्यांनी दाखवले. म्हणजे जेवणाची बातमी पेशीतल्या दळणवळणापर्यंत पोचते ही गोष्ट एकट्या ग्लूट-४ पुरती नाही. पण पिळणारी आणि ओढणारी प्रथिने हमाल आहेत, हुकूम त्यांचा नाही. हुकमाचा धागा सापडला तो अमेरिकेतल्या डार्टमथ येथे, गुस्ताव्ह लिनहार्ड यांच्या प्रयोगशाळेत. इन्सुलिन पेशीच्या बाह्यग्राहकाला चिकटले की आत एकामागून एक प्रथिने जागी होतात आणि निरोप एकेटी नावाच्या प्रथिनापर्यंत येतो. एकेटीचे काम इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारण्याचे. २००२ मध्ये या गटाला असा शिक्का बसणारे एक मोठे प्रथिन मिळाले, एएस-१६०. त्याचा धर्म विझवण्याचा आहे. रॅब नावाची छोटी प्रथिने पुटिकांना पुढे जाण्याची परवानगी देतात. एएस-१६० या रॅबना विझवत राहते. शिक्का बसला की एएस-१६० गप्प होते, रॅब पेटते राहतात आणि पुटिका सुटतात.

हे तर्काने छान बसते, पण खरे कशावरून? पुढच्याच वर्षीचा त्यांचा प्रयोग पाहा. एएस-१६० वरच्या शिक्का बसण्याच्या चार जागा त्यांनी बदलून टाकल्या, म्हणजे इन्सुलिनने कितीही सांगितले तरी ते गप्प बसू शकत नाही. अशा पेशींत इन्सुलिन देऊनही दारे फारशी बाहेर आली नाहीत. मग त्याच बदललेल्या प्रथिनाची विझवण्याची शक्तीही काढून घेतली. आता शिक्का बसत नाही, पण विझवताही येत नाही. दारे पुन्हा बाहेर येऊ लागली. अडथळा होता तो या प्रथिनाच्या विझवण्याचाच. इन्सुलिनचा हुकूम म्हणजे मनाईची मनाई.

इथे चोखंदळ श्रोता मला अडवेल, आणि त्याने अडवावेच. एएस-१६० जर पहारेकरी असेल, तर ज्या माणसांत ते प्रथिनच नाही त्यांची दारे सदा भिंतीत असायला हवीत आणि त्यांना मधुमेहाची भीतीच नको. अशी माणसे आहेत, आणि त्यांची स्थिती नेमकी उलट आहे. २०१४ मध्ये ग्रीनलंडच्या अडीच हजारांवर रहिवाशांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एएस-१६० च्या जनुकात तिथे एक असा बदल आढळतो, ज्यामुळे प्रथिन अर्ध्यातच तुटते. जनुकाच्या शंभर प्रतींमध्ये सतरा अशा आहेत, इतका तो तिथे सर्रास आहे. आई आणि वडील दोघांकडून ही प्रत आलेल्यांमध्ये टाइप २ मधुमेहाची शक्यता दसपट आढळली. पहारेकरी गेला आणि घर लुटले गेले नाही, घरातली दारेच नाहीशी झाली. हे माझ्या मांडणीविरुद्धचे सर्वांत मोठे प्रमाण वाटते; म्हणून त्यापाशी थोडे थांबायला हवे.

या लोकांच्या स्नायूंचे नमुने तपासले तेव्हा त्यांत ग्लूट-४ चे एकूण प्रमाणच घटलेले दिसले. एएस-१६० काढून टाकलेल्या उंदरांच्या स्नायूंतही तेच दिसते. सतत बाहेर-आत फिरत राहणारे प्रथिन पेशीच्या विल्हेवाटीच्या वाटेला अधिक वेळा लागते आणि तुटते. सुरक्षित कोठारात न राहिलेला माल टिकत नाही. म्हणजे रोखून धरणे आणि राखून ठेवणे ही पेशीच्या दृष्टीने दोन कामे नाहीत. पहारा गेला की साठाही जातो, आणि मग जेवणानंतर हुकूम आला तरी बाहेर पाठवायला दारे नसतात. माझी मांडणी इथे मोडत नाही, तिच्यात एक भर पडते, आणि ही भर मी पदरची घातलेली नाही. ती त्या स्नायूंच्या तुकड्यांतच मोजली गेली. याचीच दुसरी खूण रक्ताच्या तपासणीत आहे. या लोकांची उपाशीपोटीची साखर वाढलेली नसते. ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी मोजलेली साखर मात्र इतरांपेक्षा सरासरी डेसिलिटरमागे ६८ मिलिग्रॅमने जास्त. उपाशीपोटी दारे तशीही आतच असायची, त्यामुळे त्यांचा तुटवडा जाणवत नाही. जाणवतो तो त्यांची गरज पडते तेव्हाच. आपल्याकडे अनेक जण फास्टिंगचा आकडा बरा आला की पीपीला, म्हणजे जेवणानंतरच्या तपासणीला, फाटा देतात. ग्रीनलंडचा हा मधुमेह अशा तपासणीत हाती लागणारच नाही.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. १९९८ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या स्नायूंत इन्सुलिनचा ग्राहकच नाही. स्नायूंना इन्सुलिन ऐकूच येत नाही, तरीही या उंदरांची रक्तशर्करा सामान्य राहिली. मग स्नायूंतल्या या साऱ्या वाहतुकीला महत्त्व किती? पण दोन वर्षांनी स्नायूंतून ग्लूट-४ च काढून टाकलेले उंदीर तयार झाले, आणि ते लहान वयातच इन्सुलिनला दाद न देणारे झाले, साखर पेलू शकले नाहीत. हे दोन निकाल शेजारी ठेवले की अर्थ लागतो. निरोप्या एकच नाही. स्नायू आकुंचन पावला की इन्सुलिनशिवायही दारे बाहेर येतात, आणि ग्राहक नसलेल्या उंदरांत हा मार्ग शाबूत होता. एक निरोप्या गेला तर दुसऱ्याने भागते, दारे गेली तर कोणानेच भागत नाही. पहिला निकाल माझ्या विरुद्ध वाटतो तो फक्त इन्सुलिनलाच किल्ली मानले तर.

तिसरी शंका अशी की प्रवेश हाच अरुंद टप्पा कशावरून? आत गेलेल्या ग्लुकोजचे ग्लायकोजेन बनवण्याचे काम मंदावले तरी साखर बाहेर तुंबेल. गिरणी मंद असेल तर अंगणात पोत्यांची थप्पी लागते. अंगण रिकामे असेल तर गाड्याच येत नाहीत असे समजावे. येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने मधुमेही माणसांच्या स्नायूंतल्या पेशींत मोकळे ग्लुकोज किती हे जिवंतपणी मोजले, निकाल १९९९ मध्ये आला. अंगण रिकामे होते. यकृताचे प्रकरण वेगळे आहे. उपाशीपोटीची साखर बरीचशी तेच ठरवते आणि मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः तिथे काम करते. जेवणानंतरच्या साखरेविषयी मात्र प्रवेशाचा टप्पा टाळून बोलता येणार नाही.

उंदरांवरून माणसांविषयी बोलण्यात एक खरी अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ग्लूट-४ ला कोठारात नेणाऱ्या प्रथिनांपैकी सीएचसी-२२ नावाचे एक प्रथिन माणसात आहे, उंदरात त्याचे जनुकच कामाचे उरलेले नाही. फ्रान्सिस ब्रॉडस्की यांच्या गटाने ते उंदरांच्या स्नायूंत घातले तेव्हा दारे नको तितकी अडकून पडली आणि उंदरांत मधुमेहाची लक्षणे दिसली. २०१९ मध्ये त्यांनीच दाखवले की माणसांत या प्रथिनाचे दोन प्रकार आहेत, त्यातला एक दारांना सैल धरतो, आणि शेती करणाऱ्या समाजांत हा सैल प्रकार अधिक दिसतो. धान्याच्या पिठावर जगू लागलेल्या माणसांना घट्ट पहारा परवडेनासा झाला, असा त्यांचा कयास आहे. कयास म्हणूनच तो घ्यावा, पण उंदीर आणि माणूस यांतला फरकही पहाऱ्यातच सापडावा हे मला लक्षणीय वाटते.

बहुसंख्य मधुमेही ग्रीनलंडच्या त्या लोकांसारखे नसतात. त्यांच्या स्नायूंत ग्लूट-४ चा साठा जवळपास पुरेसा असतो, पण इन्सुलिनचा निरोप कोठारापर्यंत पोचत नाही. वाटेत काय आडवे येते? स्नायूच्या पेशीत साचलेल्या मेदाचे काही घटक हा निरोप सुरुवातीच्याच टप्प्यावर मंद करतात, याला चांगला पुरावा आहे. तेवढेच एक कारण असते असे मात्र नाही. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातले कितीतरी दिसायला सडपातळ आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळपासच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यात इथली बाळे सरासरी २.७ किलोंची आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची भरली. दंड-पोट बारीक, स्नायू कमी, पण त्वचेखालचा मेद मात्र बराचसा राखलेला. साखर उचलणारा अवयव जन्मतःच लहान आणि निरोप अडवणारा माल जवळ, अशी ही सुरुवात. वजनकाट्याला ती दिसत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. दारांची ये-जा कळून चार दशके झाली, तिच्यातून थेट ग्लूट-४ बाहेर आणणारे एकही औषध दवाखान्यात आलेले नाही. मग रुग्णाला किल्लीचे सोपे चित्रच का दाखवू नये? औषधाबद्दलचे म्हणणे मान्य. ज्या रॅबवर, वेणीवर आणि एकेटीवर ही दारे चालतात तीच प्रथिने पेशीतली इतर शेकडो कामे करतात, त्यामुळे एका साखळीला हात घातला की दहा हलतात. पण किल्लीच्या चित्राचे नुकसान असे की त्यात चालण्याला जागा नाही. गंजलेल्या कुलपापुढे चालून काय होणार? डॉक्टर व्यायाम सांगतात, रुग्ण तो वजनासाठी आहे असे समजतो आणि महिनाभरात काटा हलला नाही की सोडून देतो. आकुंचनाचा निरोप इन्सुलिनच्या वाटेने जातच नाही. तो दुसऱ्या प्रथिनांमार्फत येऊन एएस-१६० आणि त्याच्या जुळ्या प्रथिनापाशी पोचतो, म्हणजे मेदाने अडवलेला भाग टाळून थेट पहाऱ्याशी. १९९९ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या माणसांना पाऊण ते एक तास सायकल चालवायला लावून त्यांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे आधी आणि नंतर काढले गेले. पेशी फोडून बाहेरचे पटल वेगळे केले आणि त्यावरचे ग्लूट-४ मोजले. वजन तेच, औषध तेच, मधल्या तासात बदलले ते एवढेच की पाय हलले. आणि पटलावर दारे वाढली होती, निरोगी माणसांत वाढतात तशीच.